आयटीच्या लॅबपायी बायोलॉजी सोडू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी अकरावी सायन्सला आहे. इंग्रजी, आयटी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी असे सहा विषय घेतलेत. कॉलेज सुरू झाल्यावर कळलं की मंगळवारी साडेदहाला माझ्या बॅचचं बायोचं प्रॅक्टिकल आहे आणि त्याच वेळेला आयटीची लॅबही आहे. गुरुवारी १२.५० ते २.१० बायोची सलग दोन लेक्चर्स असतात, पण एंट्रन्सचा क्लास दीडला सुरू होतो आणि तिथे पोचायला अर्धा तास लागतो. सध्या मी मंगळवारी एक आठवडा बायो, एक आठवडा आयटी असं करते आणि गुरुवारची दोन्ही लेक्चर्स बुडवते. आईबाबा म्हणतात, इंजिनिअरिंगलाच जायचंय ना, मग बायो सोड. मैत्रीण म्हणते मॅथ्स सोड, ते जास्त अवघड आहे. मला प्राण्यांची आवड आहे आणि व्हेटर्नरीचा विचार मनातून जात नाही. विषय बदलायचा असेल तर आठ दिवसांत सांगा असं कॉलेजने सांगितलंय. काय करू?

उत्तर:

आजच्या आज बायो सोडू नकोस. आठ दिवस हातात आहेत आणि ते पुरेसे आहेत. तुझ्या पत्रात खरं तर दोन वेगवेगळे प्रश्न आहेत: वेळापत्रकाचा गुंता, आणि पुढे काय करायचं हा विचार. पहिला प्रश्न बराचसा ऑफिसात आणि लॅबमध्ये सुटतो. तो सुटायच्या आत दुसऱ्याचा निकाल लावलास, तर मंगळवारची साडेदहाची वेळ तुझं करिअर ठरवेल.

आधी हिशोब करू. तुझ्या कॉलेजात बायोची आठवड्याला चार लेक्चर्स आणि दोन तासांचं एक प्रॅक्टिकल असं धरलं तर एकूण सहा तास होतात. गुरुवारचे दोन तू पूर्ण बुडवतेस. मंगळवारचे दोन आठवड्याआड बुडतात, म्हणजे सरासरी एक. सहापैकी तीन गेले, हजेरी ५० टक्के. बोर्डाला ७५ टक्के लागते. याच गतीने गेलीस तर विषय सोडायचा की ठेवायचा हा निर्णय तुझ्याऐवजी मस्टरच घेईल. हजेरी विषयवार धरतात की एकूण, हे तुझ्या कॉलेजात विचारून घे. पण एकूण धरत असले तरी बायोतली ही भोकं प्रॅक्टिकलच्या परीक्षेत उघडी पडतातच.

आणि तुझा "एक आठवडा हे, एक आठवडा ते" हा उपाय दिसतो त्याहून जास्त नुकसान करतोय. बायोच्या लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी एक आठवडा बॉटनी आणि पुढचा आठवडा झूलॉजी असा क्रम असतो. तू नेमकी आठवड्याआड जात असशील तर वर्षभर तुझ्या वाट्याला फक्त बॉटनी येईल किंवा फक्त झूलॉजी. निम्मं जर्नल भरलेलं आणि निम्मं कोरं, अशी स्थिती दिवाळीत लक्षात येते, आणि तोवर सरांनी ती प्रॅक्टिकल्स संपवलेली असतात. आत्ताच जर्नल उघडून बघ. सगळ्या आकृत्या वनस्पतींच्याच असतील तर मी काय म्हणते ते कळेल.

प्रॅक्टिकल मैत्रिणीच्या जर्नलवरून उतरवून घेता येतं असं वाटतं, म्हणून एक उदाहरण देते. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड. टोकाचा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा भाग घ्यायचा, कारण पेशींचं विभाजन तिथेच चालू असतं. त्यावर अ‍ॅसिटोकार्मिनचा थेंब टाकायचा, ज्योतीवरून स्लाइड हलकेच फिरवून कोमट करायची, कव्हरस्लिप ठेवायची, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने अलगद टकटक करायची, आणि मग ब्लॉटिंग पेपर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. अंगठा जरा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात. जोर कमी पडला तर थरावर थर राहतात आणि मायक्रोस्कोपखाली नुसता लाल ढग दिसतो. तुकडा चुकून टोकाच्या वरून कापला तर रंग छान चढतो, पण विभाजन होणारी एकही पेशी सापडत नाही. हे हाताला कळतं, वहीला कळत नाही. बायोला बारावीत ७० गुण लेखीचे आणि ३० प्रॅक्टिकलचे असतात. त्या ३० गुणांत बाहेरून आलेले परीक्षक स्लाइड समोर ठेवून "हे काय, कशावरून ओळखलंस" असं विचारतात, तेव्हा हाताचंच ज्ञान कामाला येतं.

आता गुंता सोडवायला घेऊ. एक कागद घेऊन आडवे सहा वार आणि उभे सगळे तास अशी चौकट आख. त्यात कॉलेजचे सगळे तास भर, आणि प्रॅक्टिकलच्या चौकटीत विषयाबरोबर बॅचचं अक्षरही लिही. मग नोटीस बोर्डावर जाऊन तुझ्या तुकडीतल्या बाकीच्या बॅचेसची बायोची आणि आयटीची वेळ वेगळ्या रंगाने त्याच कागदावर उतरव. हे कुणी करत नाही, आणि बहुतेक वेळा उत्तर इथेच असतं. लॅबमध्ये टेबलं आणि मायक्रोस्कोप मोजके असल्याने तुकडी बॅचेसमध्ये वाटलेली असते, आणि एकच प्रॅक्टिकल आठवड्यात वेगवेगळ्या वारी पुन्हा पुन्हा होतं. मंगळवारी तुझ्या बॅचचं जे होतं, तेच बुधवारी किंवा शुक्रवारी दुसऱ्या बॅचचं होत असणार. तुला दोन्ही विषय तसेच ठेवून फक्त बॅच बदलून घ्यायची आहे.

दोनपैकी कुठली बॅच हलवायची? जिथे जागा आहे ती. लॅब असिस्टंटना विचार, कारण कुठल्या बॅचला टेबलं रिकामी राहतात हे त्यांना सरांपेक्षाही चांगलं माहीत असतं. दोन्हीकडे बॅचेस भरलेल्या असतील तर अदलाबदल करणारं कुणी शोध. ज्या मुलीला मंगळवारची वेळ सोयीची आहे आणि जी आत्ता दुसऱ्या बॅचमध्ये आहे, अशी एक मिळाली की संख्या जिथल्या तिथे राहते आणि नाही म्हणायला कारण उरत नाही.

तोंडी परवानगीवर मात्र थांबू नकोस. सर "ये तू शुक्रवारी" म्हणतात, तू शुक्रवारी जातेस, पण मस्टरमध्ये नाव जुन्याच बॅचला राहतं. तिथे दर आठवड्याला गैरहजेरी पडते आणि नव्या बॅचच्या मस्टरमध्ये तुझं नावच नसतं. टर्म संपताना हजर राहिलेली मुलगी कमी हजेरीच्या यादीत येते. म्हणून अर्ज लेखी कर. उपप्राचार्य किंवा पर्यवेक्षक, तुझ्याकडे ज्युनियर कॉलेजचं वेळापत्रक जे बघतात त्यांच्या नावे. मजकूर एवढाच पुरे:

"मी अकरावी विज्ञान, तुकडी अमुक, रोल नंबर अमुक. माझ्या बॅचचे जीवशास्त्राचे प्रात्यक्षिक आणि आयटीचे प्रात्यक्षिक मंगळवारी १०.३० वाजता एकाच वेळी येते. जीवशास्त्राची अमुक बॅच शुक्रवारी अमुक वाजता असून त्या वेळी मला दुसरा तास नाही. कृपया माझे नाव त्या बॅचमध्ये घ्यावे आणि दोन्ही मस्टरमध्ये तशी नोंद व्हावी."

खाली बायोच्या आणि आयटीच्या शिक्षकांची "हरकत नाही" अशी सही आधीच घेऊन ठेव आणि मगच वर जा. सोबत तो रंगवलेला कागद जोड. समोरच्याला काहीही शोधावं लागू नये, फक्त हो म्हणावं लागावं. "मॅडम, माझं क्लॅश होतंय, काहीतरी करा" असं म्हणत दारात उभं राहिलं तर उत्तर "बघू" असं येतं, आणि पहिल्या महिन्यात अशी गर्दी रोजच असते.

जर्नल कोण तपासणार हेही त्याच वेळी विचार. बॅचेसना वेगवेगळे शिक्षक असतात. वर्षाच्या शेवटी जर्नलच्या पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर सही लागते, आणि आधीची सहा प्रॅक्टिकल्स दुसऱ्या मॅडमनी तपासलेली असली की "मी कशी सही करू" हा प्रश्न निघतो. बदल झाला त्या तारखेपर्यंतची पानं जुन्या शिक्षकांकडून तपासून, तारखेसह सही घेऊन ठेवलीस की तो मिटला.

मंगळवार सुटला असं समजू. तरी गुरुवारचे दोन तास बुडतच राहिले तर सहापैकी चार तास, म्हणजे ६७ टक्के. अजूनही ७५ च्या खाली. त्यामुळे क्लासचं काहीतरी करावंच लागेल. इथे मी स्पष्ट बोलते: बाहेरचा क्लास आणि कॉलेजचा विषय यांत टक्कर असेल तर आधी क्लासला विचारायचं, कॉलेजला नंतर. क्लास पैसे घेऊन शिकवतो आणि त्याच्याकडे बहुधा सकाळची, संध्याकाळची किंवा शनिवार-रविवारची बॅच असते. बोर्डाच्या विषयाला तशी दुसरी वेळ नसते. क्लासमध्ये विचारलंस की "बायो कशाला ठेवलंय, सोडून टाक" असं ऐकायला मिळण्याची शक्यता आहे, कारण ती बॅच फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सवाल्यांसाठीच आखलेली असते आणि चौथ्या विषयाची मुलगी त्यांच्या आखणीत बसत नाही. ती त्यांची अडचण आहे. फी भरली आहे म्हणून विषय सोडायचा, हे कारण तर अजिबात धरू नकोस. बॅच बदलत नसेल तर निदान गुरुवारी पाऊण तास उशिरा बसू देतील का ते विचार. दीडऐवजी सव्वादोनपर्यंत पोचायचं ठरलं तर कॉलेजातून पावणेदोनला निघावं लागेल. म्हणजे पहिलं लेक्चर पूर्ण मिळतं आणि दुसरं बुडतं. सहापैकी पाच, ८३ टक्के. आदर्श नाही, पण चालण्यासारखं आहे, आणि बुडालेल्या एका लेक्चरच्या नोट्स दर आठवड्याला एकाच ठरलेल्या मैत्रिणीकडून घेता येतात.

समजा बॅच बदलून मिळतच नाही. तुकडीत चार विषयवाल्या, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स आणि बायो दोन्ही घेतलेल्या, मुली थोड्या, बॅचेस भरलेल्या, वेळापत्रक समितीने हात वर केलेले. तरीही तुझ्या पत्रात ज्याचा कुणीच विचार केलेला नाही असा एक पर्याय उरतो. टक्कर बायो आणि आयटीत आहे. सगळे बायोकडे बघतायत, आयटीकडे कुणी बघितलंच नाही.

आयटी तू दुसऱ्या भाषेच्या जागी घेतलंयस. ८० गुणांची परीक्षा संगणकावर, २० गुण प्रॅक्टिकलचे, आणि गुण बरे पडतात म्हणून मुलं ते घेतात. ते चुकीचं नाही. पण तू ज्या दोन वाटांचा विचार करतेस त्यांपैकी एकीलाही आयटीवाचून अडत नाही. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या पात्रतेला बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स अनिवार्य असतात आणि तिसरा विषय म्हणून केमिस्ट्री चालते, ती तुझ्याकडे आहेच. व्हेटर्नरीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्रजी लागतं. प्रवेश इंजिनिअरिंगला राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेवर, व्हेटर्नरीला देशपातळीवरच्या नीट या परीक्षेवर. बारावीच्या एकूण टक्क्यांत आयटीमुळे चार-पाच गुण वाढले तर निकालाच्या दिवशी बरं वाटेल, एवढंच. मराठी घेतलंस तर लॅब नाही, तासांची टक्कर संपते, आणि जुलैतच बदल केला तर मागे पडलेले धडे पंधरा दिवसांत भरून निघतात. मात्र अर्ज करण्याआधी मराठीचा तास तुझ्या कागदावर टाकून बघ. तो मॅथ्सच्या तासावर येत असेल तर एक टक्कर देऊन दुसरी घेतली असं होईल, आणि चार विषयवाल्यांच्या बाबतीत असं होतं.

आता दुसरा प्रश्न, जो खरा आहे.

बायो सोडलं तर एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, बीएस्सी नर्सिंग आणि व्हेटर्नरी ही दारं बंद होतात. बी.फार्मसीचं बंद होत नाही, ते मॅथ्सच्या गटावरही, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सवरही, मिळतं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांतलं बीएस्सी कृषीही दोन्ही गटांना खुलं आहे. मॅथ्स सोडलं तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर जातं, आणि संख्याशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स यांसारख्या पदव्यांचे बरेच कोर्सेस बारावीचं मॅथ्स मागतात. म्हणून "अवघड आहे" एवढ्यावर मॅथ्स सोडायचा मैत्रिणीचा सल्ला तुझ्यासाठी नाही. घरच्यांना जी वाट हवी आहे आणि जी तूही नाकारलेली नाहीस, तीच त्याने बंद होते. अकरावीच्या जुलैत मॅथ्स सगळ्यांनाच अवघड वाटतं. दहावीच्या पुस्तकातून थेट त्रिकोणमितीच्या नव्या सूत्रांवर उडी असते, आणि घटक चाचणीपर्यंत बरीच मुलं सावरतात.

तुझ्या बाबतीत सगळा प्रश्न व्हेटर्नरीवर येऊन थांबतो. तेव्हा "आवड आहे" म्हणजे नक्की काय, ते या आठ दिवसांत तपास. बी.व्ही.एस्सी. हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे कॉलेजं आहेत. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. घरातलं मांजर आवडणं ही चांगली सुरुवात आहे, पण पशुवैद्याच्या कामात गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या येतात. अडलेलं वासरू खांद्यापर्यंत हात घालून सोडवणं येतं, पोटफुगी आणि कासदाह येतो, पावसाळ्यातले रोग आणि लसीकरणाचे दौरे येतात. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात एक सकाळ जा. डॉक्टरांना सांग की मी अकरावीत आहे, नुसतं बघायचंय. बहुतेक जण आनंदाने उभं राहू देतात. दोन तासांनी तुला परत यावंसं वाटलं की घरी जावंसं वाटलं, याचं उत्तर कुणालाही दाखवायचं नाही, पण स्वतःशी खरं दे.

त्यातून "हो" आलं तर बायो ठेवायचं आणि मनापासून ठेवायचं. कारण एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाचा भाग सुमारे २० टक्केच असतो, पण नीटला अकरावी आणि बारावी दोन्ही वर्षांचा अभ्यास पूर्ण लागतो, आणि नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० बायोचे असतात. "अकरावीत बायो नुसतं नावाला ठेवू, बारावीत बघू" हा बेत सीईटीपुरता कसाबसा चालतो, नीटला साफ पडतो. सीईटीचे दोन्ही गट, म्हणजे मॅथ्सचा आणि बायोचा, एकाच वर्षी देता येतात. दोन्हींची परीक्षा वेगळी आणि पर्सेंटाइलही वेगळं, त्यामुळे चार विषय ठेवलेल्या मुलीला बारावीच्या शेवटपर्यंत निवड करता येते. याची किंमत म्हणजे वेळ. माझ्या अंदाजाने बायोला आठवड्याला स्वतःचा चार ते पाच तास अभ्यास आणि एक तास जर्नलच्या आकृत्यांसाठी एवढा वेळ काढावाच लागतो. तो कुठून काढणार ते त्याच चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने लिहून बघ. रात्री अकरानंतरच्या चौकटी वापराव्या लागत असतील, तर वेळापत्रकाची टक्कर सुटूनही बायो जड जाईल हे मान्य कर.

आणि "नाही" आलं, किंवा वर सांगितलेलं सगळं करूनही आठवड्याला दोन तास बुडणारच असतील, तर बायो सोडायला काहीच हरकत नाही. तेव्हा ते व्यवस्थित सोड. विषय नुसता सोडता येत नाही, त्या जागी दुसरा घ्यावा लागतो, कारण मार्कशीटवर सहा विषय हवेत. तुझ्या कॉलेजात सायन्सला सहावा विषय म्हणून काय काय शिकवलं जातं, भूगोल, मानसशास्त्र की आणखी काही, ते ऑफिसात विचार, आणि निवडण्याआधी त्याचीही वेळ कागदावर टाक. नको असलेला विषय घेऊन पुन्हा नवी टक्कर ओढवून घेणारी मुलं असतात. अर्जावर पालकांची सही लागेल. अकरावीत हे कॉलेजच्या पातळीवर मिटतं, बारावीत विषय बदलायला निघालीस तर बोर्डाच्या परवानगीपर्यंत जावं लागतं, म्हणून जे करायचं ते या वर्षी. बारावीत बोर्डाचा फॉर्म भरल्यावर कॉलेजात प्री-लिस्ट, म्हणजे फॉर्ममधल्या माहितीची यादी, तपासायला देतात, तेव्हा विषयांचे क्रमांक स्वतः वाच: इंग्रजी ०१, मराठी ०२, मॅथ्स ४०, फिजिक्स ५४, केमिस्ट्री ५५, बायो ५६, आणि सायन्सचं आयटी ९७. अकरावीत विषय बदललेल्या मुलांच्या फॉर्मवर जुनाच विषय राहून जाण्याचा धोका इथे असतो.

सोडलेलं बायो पुढे परत घेता येतं का, हा प्रश्न आईबाबा नक्की विचारतील. बारावी झाल्यावर तुरळक विषय, म्हणजे एखाद-दुसराच सुटा विषय, घेऊन बोर्डाच्या परीक्षेला बसण्याची सोय आहे, आणि बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून बायो केलेल्यांना नीट देण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये दिली. पण तो आयोग एमबीबीएसचा आहे. व्हेटर्नरीला तेच लागू होईल असं धरून चालू नकोस, त्या वर्षीचं विद्यापीठाचं माहितीपत्रक बघावं लागेल. शिवाय प्रॅक्टिकल्स कुठल्या लॅबमध्ये करायची हा प्रश्न उरतोच. परतीची वाट आहे, पण ती एक वर्ष खाणारी आहे, एवढं समजून निर्णय घ्या.

आईबाबांशी बोलताना व्हेटर्नरीपासून सुरुवात करू नकोस. आधी तो कागद दाखव. त्यांनी "बायो सोड" म्हटलं ते तुझी ओढाताण बघून म्हटलं असणार. बॅच बदलली, क्लासची वेळ जमली आणि ओढाताण थांबली की त्यांचा निम्मा आग्रह आपोआप सैल पडेल. मॅथ्स ठेवते आहेस, इंजिनिअरिंगचं दार उघडं आहे, हे एकदा स्पष्ट सांग. मग दवाखान्यात काय बघितलंस ते सांग. आणि एक तारीख ठरवा, पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या निकालाची. तोवर बायोची हजेरी ७५ च्या वर आणि मॅथ्समध्ये घसरण नाही, तर चारही विषय चालू. तेव्हा चित्र वेगळं असेल तर पुन्हा बसून बोलायचं. मात्र पहिल्या सत्रानंतर विषय बदलू देतात का आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे ऑफिसात आत्ताच विचारून ठेव.

दिवसांचा हिशोब असा लाव. उद्या कागद आणि लॅब असिस्टंट. परवा दोन्ही शिक्षकांच्या सह्या. तिसऱ्या दिवशी अर्ज, त्याच संध्याकाळी क्लासमध्ये बॅचची चौकशी. चौथा-पाचवा दिवस उत्तराची वाट बघण्यात जाईल, त्यात दवाखान्याची सकाळ उरकून घे. सहाव्या दिवशीही उत्तर नसेल तर पर्यवेक्षकांना पुन्हा भेट आणि आयटीऐवजी मराठीचा अर्ज तयार ठेव. अर्ज देताना प्रत्येक वेळी दोन प्रती ने. एक ऑफिसात दे, आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती स्वतःकडे ठेव. आठ दिवसांची मुदत तू पाळलीस हे दाखवायची वेळ आलीच, तर ती पोच तुझ्या हातात असेल.